घरासकट वळायचं कसं?
जुन्या फिरत्या घरांच्या स्टिअरिंगची गोष्ट

गोगलगाय तुम्ही पाहिली आहे ना? पावसाळ्यात भिंतीवरून सावकाश सरकणारी, आपलं घर पाठीवर घेऊन हिंडणारी. तिला कुठंही मुक्काम करायचा झाला तर अडचण नाही. थांबली की घरातच!

माणसालाही गोगलगायीसारखं हिंडावंसं वाटलं आणि त्यानं मोटारीवर घर बांधलं. आत झोपायला पलंग, स्वयंपाकाला छोटी शेगडी, पाण्याची टाकी, कपड्यांचं कपाट, सगळं एका गाडीत. अशा गाडीला म्हणतात ‘मोटरहोम’ किंवा ‘कॅम्पर’. युरोप-अमेरिकेत सुट्टी लागली की कितीतरी कुटुंबं अशी गाडी काढून निघतात. त्यातल्या काही गाड्या तर आजोबांच्या वयाच्या आहेत. पन्नास-साठ वर्षांच्या! तरी त्या रस्त्यावर धावतात.

अशी जुनी गाडी पाहिली की सगळे तिच्या रंगाचं कौतुक करतात. गोल दिवे, दोन रंगांचा पत्रा, वर उघडणारं छप्पर. पण गाडीचा मालक शहाणा असेल, तर तो रंगाच्या आधी दुसऱ्याच एका गोष्टीकडं लक्ष देतो. कारण इंजिन बंद पडलं तर गाडी थांबते. दिवा गेला तर रात्रीचा प्रवास थांबतो. पण स्टिअरिंगनं दगा दिला तर? गाडी धावत राहते, फक्त तुम्हाला हवी तिकडं जात नाही. आणि आत तर अख्खं कुटुंब बसलेलं असतं!

म्हणून आज आपण शिरायचं आहे एका प्रसिद्ध जुन्या कॅम्परच्या पोटाखाली. तिचं स्टिअरिंग कसं चालतं, कुठं झिजतं, आणि ते दुरुस्त कसं करतात, हे पाहायला.

पावाच्या आकाराची गाडी

ही गाडी आहे जर्मनीच्या फोक्सवॅगन कंपनीची. हो, तीच कंपनी, जिचा कारखाना पुण्याजवळ चाकणला २००९ मध्ये सुरू झाला.

बेन पॉन नावाचे एक डच गृहस्थ होते. ते फोक्सवॅगनच्या गाड्या हॉलंडमध्ये विकण्याच्या खटपटीत होते. एप्रिल १९४७ मध्ये त्यांनी वहीच्या पानावर एका गाडीचं साधंसं चित्र काढलं. लांबट पाव असावा तसा आकार, ड्रायव्हर अगदी पुढं, इंजिन अगदी मागं आणि मधे सामानाला भरपूर जागा. या कल्पनेतून १९५० मध्ये गाडी तयार होऊन कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिचं नाव ‘टाइप २’. टाइप १ म्हणजे फोक्सवॅगनची प्रसिद्ध ‘बीटल’ मोटार.

या रिकाम्या डब्यात घर मांडता येईल, हे लोकांच्या चटकन लक्षात आलं. जर्मनीतल्याच ‘वेस्टफालिया’ नावाच्या कंपनीनं तिच्यात पलंग, कपाटं बसवायला सुरुवात केली. १९६७ पर्यंतच्या गाड्यांची पुढची काच दोन तुकड्यांची होती. त्यानंतर एकसंध, फुगीर काच आली. ब्राझीलमध्ये तर ही गाडी ‘कोम्बी’ या नावानं २०१३ पर्यंत बनत होती. पुढच्या वर्षापासून तिथं प्रत्येक नव्या गाडीला एअरबॅग आणि आधुनिक ब्रेक सक्तीचे झाले. या म्हाताऱ्या गाडीत ते बसवणं जमेना, आणि तिचं उत्पादन थांबलं.

या गाड्यांचा आपल्याकडं काय संबंध? आहे तर! १९६० आणि १९७० च्या दशकांत युरोपातले कितीतरी तरुण जमिनीवरच्या रस्त्यानं भारतात येत असत. इस्तंबूल, तेहरान, काबूल, मग खैबर खिंड, लाहोर, दिल्ली असा तो मार्ग. त्यातले बरेच जण पुढं गोव्याला, हणजुण्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचत. कुणी बसनं येई, कुणी ट्रकनं, तर कुणी अशा फोक्सवॅगन गाडीनं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, त्याच वर्षाच्या अखेरीस रशियाचं सैन्य अफगाणिस्तानात घुसलं, आणि तो रस्ता बंद पडला.

जरा कल्पना करा. हजारो किलोमीटर, डोंगर, वाळवंट, खड्डे! त्या सगळ्या वाटेवर गाडी सरळ ठेवण्याचं काम कुणी केलं असेल? त्या पत्र्याखाली लपलेल्या काही दांड्यांनी आणि सांध्यांनी.

चार चाकांचं कोडं

आता एक कोडं. गाडी डावीकडं वळते, तेव्हा पुढची दोन्ही चाकं सारखीच वळतात का?

‘हो’ म्हणालात ना? चूक! 

शाळेच्या मैदानावर कवायत करताना अख्खी रांग वळते, ते आठवा. आतल्या बाजूचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटतो, बाहेरच्याला मात्र मोठा फेरा पडतो. गाडीचंही तसंच आहे. आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं, बाहेरचं मोठ्या वर्तुळात. म्हणून आतलं चाक जास्त वळायला हवं आणि बाहेरचं थोडं कमी. दोन्ही सारखीच वळली, तर त्यातलं एक घासत, फरफटत जाईल.

घोडागाडीच्या काळात यावर सोपा उपाय होता. मुंबईत पूर्वी धावणाऱ्या चार चाकी ‘व्हिक्टोरिया’ आठवत असतील तर आजोबांना विचारा. त्यांचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरे. पण त्यासाठी जागा फार लागते आणि वळताना गाडी कलंडण्याची भीती असते. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या गाडी बनवणाऱ्या कारागिरानं यावर तोडगा काढला. आस एकाच जागी घट्ट ठेवायचा आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळीवर वळवायचं. लंडनच्या रुडॉल्फ आकरमान यांनी १८१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. म्हणून आजही या रचनेला आकरमानचंच नाव आहे. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं!

गंमत म्हणजे, मोटार तयार करणाऱ्या कार्ल बेन्झ यांनाही हे कोडं सतावत होतं. म्हणून तर १८८६ ची त्यांची पहिली मोटार तीन चाकी होती. पुढं एकच चाक असलं की प्रश्नच मिटला! १८९३ मध्ये त्यांनी दोन्ही पुढची चाकं वेगवेगळी वळवण्याची युक्ती मोटारीत आणली. त्या चार चाकी मोटारीचं नाव काय असेल? ‘व्हिक्टोरिया’!

हातापासून चाकापर्यंत

आता आपल्या कॅम्परकडं वळू. ड्रायव्हर पुढच्या चाकांच्या वरच बसतो. स्टिअरिंगचं चाक त्याच्यासमोर जवळजवळ आडवं असतं, एखाद्या जुन्या बससारखं. ते फिरवलं की काय काय होतं, ते ओळीनं पाहू या.

१. स्टिअरिंगच्या चाकाला जोडलेला उभा दांडा फिरतो.

२. हा दांडा खाली एका लोखंडी डब्यात शिरतो. हा ‘स्टिअरिंग बॉक्स’. आत मळसूत्रासारखे आटे असलेला एक जाड स्क्रू असतो. तो फिरला की त्याच्या आट्यांत अडकलेली खुंटी (नंतरच्या गाड्यांत छोटं रोलर) बाजूला सरकते. तुम्ही चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ तीन वेढे फिरवता, तेव्हा रस्त्यावरची चाकं थोडीशीच वळतात. म्हणजे हात जास्त फिरवायचा, पण जोर कमी लावायचा. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. सामान आणि माणसं भरली की तिचं वजन दोन टनांवर जातं. मग हे मळसूत्रच ड्रायव्हरचं बळ!

३. डब्यातून बाहेर आलेला एक छोटा हात पुढं-मागं हलतो. तो एक लांब दांडा ढकलतो किंवा ओढतो.

४. हा लांब दांडा पुढच्या आसाच्या मधोमध बसवलेल्या एका तरफेला जोडलेला असतो. तिला ‘स्विंग लिव्हर’ म्हणतात. ती एका जाड पिनेवर डावी-उजवीकडं झुलते. ही तरफ लक्षात ठेवा. पुढं तिचं काम आहे.

५. तरफेपासून दोन्ही चाकांकडं एकेक दांडा जातो. हे ‘टाय रॉड’. ते चाकांना वळवतात.

दांड्यांच्या टोकांना ‘बॉल जॉइंट’ असतात. म्हणजे वाटीत बसवलेली गोळी. आपला खांद्याचा सांधा कसा चहूबाजूंनी फिरतो? अगदी तसाच. लांब दांड्याचे दोन आणि टाय रॉडचे चार, असे सहा सांधे तर इथंच झाले. शिवाय चाकं ज्यावर वळतात ते सांधे वेगळे. जुन्या, दोन काचांच्या गाड्यांत त्या जागी ‘किंगपिन’ म्हणजे जाड खिळी होत्या. नंतरच्यांत तिथंही बॉल जॉइंट आले.

आणि तरफेला टेकून आडवा बसलेला एक छोटा शॉक अ‍ॅब्सॉर्बरही असतो. हा ‘स्टिअरिंग डॅम्पर’. खड्ड्यातून चाकं थरथरली तर ती थरथर तो शोषून घेतो.

ढिलाई चोरपावलांनी येते

आता वर्गातल्या दहा जणांची एक रांग करा. सगळ्यांनी एकमेकांचे हात धरायचे, पण सैल. पहिल्यानं पाऊल पुढं टाकलं की दहाव्याला लगेच कळतं का? नाही. आधी पहिल्या-दुसऱ्याचे हात ताणले जातात, मग दुसऱ्या-तिसऱ्याचे... दहाव्यापर्यंत ओढ पोहोचेस्तोवर पहिला कुठल्या कुठं गेलेला असतो!

जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचं असंच होतं. प्रत्येक सांधा जरा जरा झिजतो. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई म्हणजे काहीच नाही. पण पाच सांधे मिळून अडीच मिलिमीटर झाले. मळसूत्रामुळं हीच ढिलाई स्टिअरिंगच्या चाकावर कितीतरी पट मोठी होऊन येते. मग ड्रायव्हर चाक हलवतो, हलवतो, आणि गाडीला पत्ताच नाही. मेकॅनिक म्हणतात, ‘स्टिअरिंगला प्ले आलाय.’

यात धोका किती, ते गणितानं पाहू. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगानं चालली आहे. म्हणजे दर सेकंदाला साधारण २२ मीटर. चाक फिरवल्यानंतर गाडी वळायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर तेवढ्यात ती ११ मीटर पुढं गेलेली असते. समोरून ट्रक येत असेल, तर ११ मीटर ही फार मोठी गोष्ट आहे.

आणि यातली वाईट खोड सांगू? ही ढिलाई एका दिवसात येत नाही. ती वर्षानुवर्षं थोडी थोडी वाढते. रोज गाडी चालवणाऱ्याला तिची सवय होऊन जाते. त्याला वाटतं, ‘आमची गाडी अशीच आहे.’ जुनी गाडी ‘जुनी’ असल्यामुळं डुलत नाही बरं का! ती डुलते, कारण तिचा कुठला तरी सांधा झिजलेला असतो. नवी होती तेव्हा तीही सरळच चालत होती.

रोग कुठं आहे?

डॉक्टर आधी नाडी पाहतात, मग औषध देतात. इथंही तेच. पहिली तपासणी दोघांनी मिळून करायची असते, आणि तिच्यात तुमच्याएवढ्या मुलांनाही काम आहे.

गाडी सपाट जागी उभी करायची. इंजिन बंद, हॅंडब्रेक ओढलेला, चाकांना दगडाची किंवा लाकडाची ओट. चारी चाकं जमिनीवर. मुलानं ड्रायव्हरच्या जागी बसायचं आणि मोठ्यांनी सांगितलं की स्टिअरिंग हलके हलके डावी-उजवीकडं हलवायचं, चाकं वळतील इतकं नाही. मोठ्या माणसानं बॅटरी घेऊन पुढून खाली पाहायचं. जो सांधा एका बाजूनं हलतो, पण दुसऱ्या बाजूला ती हालचाल पोहोचत नाही, तो चोर! एकेक सांधा असा ओळीनं पाहिला की चोर सापडतोच.

दुसरी तपासणी मोठ्यांची. गाडीचं पुढचं अंग जॅकनं उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवतात. नुसत्या जॅकवर कधीच नाही! जॅक घसरला तर गाडी खालच्या माणसावर येते. म्हणून स्टँडवरच्या गाडीखाली मुलांनी मुळीच जायचं नाही, डोकवायलाही नाही. मग मेकॅनिक चाकाला वरून आणि खालून धरून हलवतो. चाक खडखडलं, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा की बॉल जॉइंटचा? त्याची एक छान युक्ती आहे. कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचं. ब्रेक दाबल्यावर खडखड थांबली तर बेअरिंग सैल आहे. तरीही चालूच राहिली, तर सांधा किंवा किंगपिन झिजली आहे.

टायरही बोलतात. टायर एकाच कडेनं झिजला असेल, तर चाकांची दिशा चुकली आहे. हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड लागतं आणि गाडी पोहते. पुष्कळदा हजारोंचा खर्च करण्याआधी हवा भरली तरी निम्मं दुखणं पळतं! म्हणून सुरुवात टायरपासून.

औषध पहिलं : ग्रीस

सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त विसरलं जाणारं औषध म्हणजे ग्रीस. या गाडीच्या पुढच्या आसावर ग्रीस भरायला छोट्या बोंडासारखी तोंडं असतात. त्यांना ‘ग्रीस निपल’ म्हणतात. गोल, फुगीर काचेच्या गाडीला अशी पाच आहेत. दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि पाचवं मधल्या तरफेचं. दोन काचांच्या गाडीला किंगपिनांमुळं आणखी जास्त.

ग्रीस भरण्यातही शिस्त आहे. आधी निपल फडक्यानं स्वच्छ पुसायचं. नाहीतर ग्रीसबरोबर तोंडावरची वाळूही आत जाते, आणि वाळू मिसळलेलं ग्रीस म्हणजे पॉलिश पेपरच! चाकांवरचा भार उतरवण्यासाठी पुढचं अंग उचललेलं असावं, म्हणजे ग्रीस सगळीकडं शिरतं. मग ग्रीस गननं दाबत राहायचं. आधी काळं, जुनं ग्रीस बाहेर येतं. स्वच्छ ग्रीस दिसू लागलं की थांबायचं.

हे केलं नाही तर काय होतं? मधल्या तरफेची पिन कोरडी पडते, गंजते आणि अडकते. मग स्टिअरिंग जड होतं. वळण संपल्यावर ते आपोआप सरळ व्हायला हवं, तेही होत नाही. मुठीएवढ्या ग्रीसच्या आळसापायी अख्खा आस उतरवायची वेळ येते.

स्टिअरिंग बॉक्समध्येही वंगण असतं. काही सालांच्या गाड्यांत दाट तेल, काहींत खास पातळ ग्रीस. कुठल्या सालच्या गाडीला काय, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहायचं, अंदाजानं ओतायचं नाही.

औषध दुसरं : झिजलेलं ते बदला

ग्रीसनं गंज थांबतो, पण झिजलेलं लोखंड परत येत नाही. तिथं नवा भागच हवा.

मधल्या तरफेची पिन घ्या. ती दोन बुशांमध्ये फिरते. बुश म्हणजे धातूची छोटी नळी, बांगडीसारखी. ती झिजली की तरफ डुलते. मग जुनी पिन आणि बुश काढून नवे बसवतात. पण नवा बुश दाबून बसवला की त्याचं आतलं भोक किंचित आवळतं. पिन आत जात नाही. ठोकून घालायची का? छे! ‘रीमर’ नावाच्या हत्यारानं भोक अगदी हलक्या हातानं खरवडत मोठं करायचं. पिन सुळकन फिरायला हवी, पण डुलता कामा नये. इथं घाई करणारा कारागीर नवा भाग बसवूनही ढिलाई तशीच ठेवतो.

टाय रॉडच्या टोकांचे बॉल जॉइंट दुरुस्त होत नाहीत, बदलावेच लागतात. नट ज्यावर बसतो, त्या आट्यांच्या खुंटीला एक आरपार भोक असतं आणि नटाला खाचा. त्यातून एक मऊ पिन घालून तिचे पाय वाकवतात, म्हणजे थरथरून नट सुटत नाही. ही ‘स्प्लिट पिन’. ती काही रुपयांची असते, पण काढलेली पिन परत वापरायची नाही, असा पक्का नियम आहे. वाकवून सरळ केलेली तार पुन्हा वाकवली की तुटते, हे तुम्ही करून पाहिलंच असेल. आणि नट आवळल्यावर भोक समोर आलं नाही, तर? नट सैल करून भोक जुळवायचं नाही, थोडा आणखी आवळून जुळवायचं.

आणखी एक कडक नियम. स्टिअरिंगचा वाकलेला दांडा तापवून सरळ करायचा नाही आणि तुटलेला भाग वेल्डिंग करून जोडायचा नाही. तापवल्यानं पोलादाचा कस बदलतो. वरून तो दांडा छान दिसतो, पण आतून कधी दगा देईल, सांगता येत नाही. पत्र्याला वेल्डिंग चालतं, स्टिअरिंगला नाही.

घाईचे दोन फसवे उपाय

जुन्या गाड्यांच्या मालकांना दोन मोह हमखास होतात.

पहिला मोह स्टिअरिंग बॉक्सवरच्या स्क्रूचा. तो पिळला की आतली ढिलाई कमी होते. दोन मिनिटांचं काम! पण खरा दोष टाय रॉडमध्ये असेल तर? शिवाय गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून मळसूत्र मधल्या भागात जास्त झिजतं आणि टोकांना कमी. मधली ढिलाई घालवायला स्क्रू फार आवळला, तर वळणावर स्टिअरिंग आवळून बसतं. म्हणून आधी टायर, बेअरिंग, सांधे, तरफ, आणि बॉक्स सगळ्यांत शेवटी. तोही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं.

दुसरा मोह डॅम्परचा. चाकं थरथरायला लागली की नवा डॅम्पर बसवायचा. थरथर थांबते. सगळे खूश! पण थरथर कशामुळं होती? चाकाचा तोल बिघडला असेल, सांधा सैल असेल. नव्या डॅम्परनं ती खूण फक्त झाकली. ताप आला म्हणून थर्मामीटर लपवल्यासारखंच झालं हे. रोग आत वाढतोच आहे.

सगळं बदलून झाल्यावर चाकांची दिशा मोजून जुळवतात. टाय रॉडची लांबी कमी-जास्त करून हे साधतं. त्याच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असतात, म्हणून दांडा नुसता फिरवला की लांबी बदलते. नंतर पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, अगदी सावकाश. आणि थोडं अंतर चालल्यावर सगळे नट पुन्हा एकदा तपासायचे.

तपासणार कोण?

जर्मनीत तीस वर्षांहून जुन्या आणि चांगल्या सांभाळलेल्या गाड्यांना १९९७ पासून खास क्रमांक मिळतो. त्याच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर असतं, म्हणजे ऐतिहासिक गाडी. पण मान मिळाला म्हणून परीक्षा टळत नाही. दर दोन वर्षांनी तपासणी करून घ्यावीच लागते.

ब्रिटनमध्ये मात्र वेगळं आहे. २०१८ पासून तिथं चाळीस वर्षांहून जुन्या, फारसा बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणी सक्तीची नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मात्र मालकाचीच. आता सांगा, कुठली गोष्ट जास्त कठीण? मास्तरांनी पेपर तपासणं की आपला पेपर आपणच प्रामाणिकपणे तपासणं? चाळीस वर्षांच्या गाडीला खरं तर तपासणीची जास्तच गरज! आणि ती करणारा दुसरा कुणी नसेल, तर ज्याच्या हातात किल्ली, त्यानंच वाकून खाली पाहायला हवं.

करून पाहा

तुमच्याकडं कॅम्पर नसेल. पण सायकल आहे ना?

• सायकलचा पुढचा ब्रेक घट्ट दाबा आणि हॅंडल पुढं-मागं हलवा. हॅंडलच्या खाली ‘टक्‌ टक्‌’ झालं, तर तिथलं बेअरिंग सैल आहे. हीच ती ढिलाई! आता पुढचं चाक उचलून हॅंडल वळवा. अडखळत, खरखरत वळलं, तर ग्रीस हवं आहे. सायकलवाल्या काकांना दाखवा.

• दवाखान्यातल्या ट्रॉलीचं किंवा ऑफिसच्या खुर्चीचं छोटं चाक पाहा. खुर्ची ढकलली की चाक खिळीच्या मागं आपोआप येतं आणि सरळ होतं. मोटारीची चाकंही ज्या रेषेवर वळतात, ती किंचित मागं कललेली असते. म्हणून वळण संपलं की स्टिअरिंग आपोआप सरळ होतं.

• घरच्या स्कूटरच्या किंवा गाडीच्या टायरवर बाजूला लंबगोलात चार आकडे शोधा. ३५१९ असं असेल, तर तो टायर २०१९ सालच्या ३५ व्या आठवड्यात बनला. रबरही म्हातारं होतं, टायर कमी वापरला तरी! वर्षातले बरेच महिने उभ्या असणाऱ्या कॅम्परचे टायर म्हणूनच नक्षी शाबूत असतानाही तडकलेले असतात.

आई-बाबांसाठी दोन शब्द : मुलं टायरवरचे आकडे वाचून दाखवतील, तेव्हा ‘नंतर बघू’ म्हणू नका. त्यांच्याबरोबर खाली वाका. आणि स्टिअरिंग हल्ली जरा सैल वाटतंय, गाडी एका बाजूला ओढतेय, असं मनात आलं असेल, तर लांबच्या प्रवासाची वाट न पाहता गाडी मेकॅनिकला दाखवा. तिथं मुलांनाही सोबत न्या. गाडी वर चढवलेली असताना थोडं लांब उभं राहून त्यांना खालचे दांडे मोजू द्या. हातापासून चाकापर्यंत किती सांधे सापडतात, ते त्यांनी वहीत लिहून ठेवायचं!